बार्सिलोनात टॅक्सी: चढावर घ्या, सपाटीवर नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या शेवटी बार्सिलोनात चार दिवस मुक्काम. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, तुम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक. त्यानंतर मोल अदोसात या धक्क्यावरून क्रूझ. स्पॅनिश येत नाही, आणि तिथले टॅक्सीवाले परदेशी माणसाला उगाच फिरवून मीटर वाढवतात असं कुणीतरी सांगितलंय. तेव्हा सगळीकडे मेट्रोनंच जावं का?

नाही, सगळीकडे मेट्रो नको. मी मराठी मंडळींचे गट घेऊन स्पेनला जाते आणि ज्येष्ठ मंडळी नाहीत असा गट मला आठवत नाही. त्या अनुभवावरून सांगते, टॅक्सीचे पैसे चढावर, सामानावर आणि पाय दुखायला लागलेल्या संध्याकाळी खर्च करा. सपाटीवरच्या तीन स्टेशनांसाठी नको. आणि लुबाडणुकीची भीती मनातून काढून टाका. बार्सिलोनाच्या टॅक्सीचा दर महानगर क्षेत्राचं प्रशासन ठरवतं, दरपत्रक मागच्या खिडकीवर चिकटवलेलं असतं, आणि त्या कागदावर नाही असा एक सेंटही चालकाला मागता येत नाही. गाडीत बसल्यावर आधी तो कागद वाचा. दर बहुधा जानेवारीत बदलतात, म्हणून मी खाली दिलेले आकडे अंदाजाचे समजा आणि खिडकीवरचा कागद खरा माना.

गाडी ओळखणं मुंबईकराला अवघड नाही, कारण तीही काळी-पिवळीच आहे. फक्त इथे अंग काळं आणि दारं पिवळी. छतावर हिरवा दिवा लागला असेल तर गाडी रिकामी. रस्त्यावर हात केला की थांबते. मात्र जवळच टॅक्सीथांबा असेल तर तिथे जाऊन रांगेतली पहिली गाडी घ्यावी, हा तिथला रिवाज आहे.

आता विमानतळ. बाहेर पडताना आगमन कक्षात कुणी जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणालं तर मान हलवून पुढे चला. परवानाधारक चालक तिथे गिऱ्हाईक शोधायला येत नाही, तो बाहेर रांगेत उभा असतो. टी१ आणि टी२ या दोन्ही टर्मिनलांच्या दारात अधिकृत रांग असते आणि गर्दीच्या वेळी तिथे माणूस उभा राहून प्रवाशांना गाड्या वाटून देतो. तुम्ही पाच जण आहात हे त्याला पाच बोटं दाखवून आधीच सांगा. नेहमीच्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात आणि लहान मूल हा पूर्ण प्रवासी धरला जातो. ‘मुलगी मांडीवर बसेल’ ही आपली नेहमीची तोड तिथे चालणार नाही. चालकाला दंड होतो आणि तुमच्या लेकीच्या जिवालाही धोका असतो. सहा-सात आसनांच्या मोठ्या टॅक्सी रांगेत असतात, पाचवी व्यक्ती असली की थोडा जादा आकार लागतो, पण दोन गाड्यांपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.

शहराच्या मध्यभागी जायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि साधारण ३५ ते ४० युरो होतात. त्यात विमानतळाचा साडेचार युरोंच्या आसपासचा जादा आकार धरलेला आहे. तो जातानाही लागतो आणि येतानाही. विमानतळाच्या फेरीला किमान भाडंही ठरलेलं आहे, वीस युरोंच्या थोडं वर, त्यामुळे हॉटेल जवळ असलं तरी तेवढे द्यावे लागतात. हे न कळल्यामुळे आपली माणसं चालकाशी वाद घालताना मी पाहिली आहेत आणि त्या वादात चालकाचीच बाजू खरी असते. तुलना करायची तर निळ्या एरोबसचं एका माणसाचं तिकीट सात-साडेसात युरोंच्या आसपास आहे. पाच जणांचा हिशेब केला की ते टॅक्सीच्या बरोबरीला येतं, आणि बस प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकात सोडते. तिथून पुढे बॅगा ओढत हॉटेल शोधायचं ते वेगळंच. एकट्या-दुकट्यानं जरूर एरोबस घ्यावी. पाच जणांच्या कुटुंबानं, त्यातही लांबच्या विमानप्रवासानंतर, सरळ टॅक्सीत बसावं.

मीटरचा हिशेब दोन दरांवर चालतो, त्यांची नावं टी-१ आणि टी-२ (विमानतळाच्या टर्मिनलांशी यांचा संबंध नाही). कामाच्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत टी-१. रात्री ८ नंतर, तसंच शनिवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी पूर्ण वेळ टी-२, जो किलोमीटरमागे साधारण पाव हिश्शानं महाग आहे. कोणता दर चालू आहे तो आकडा छतावरच्या दिव्यावर दिसतो. तुमच्या तारखांमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. २४ सप्टेंबर हा ला मेर्से, म्हणजे बार्सिलोनाच्या ग्रामदेवतेचा सण. शहराला सुटी असते. त्या दिवशी भरदुपारी टी-२ दिसला तर घाबरून जाऊ नका. त्या दिवसांत मध्यभागातले कितीतरी रस्ते मिरवणुकांसाठी आणि माणसांच्या मनोऱ्यांसाठी बंद असतात. आपल्या गोविंदा पथकांसारखे थर रचणारे कास्तेय मंडळांचे लोक सान्त जाउमे चौकात उतरतात, आणि ते पाहायला मेट्रोनंच जावं, टॅक्सी त्या गर्दीत शिरू शकत नाही.

‘फिरवून नेतात’ या समजाचं मूळ मला वाटतं एशाम्प्ले या भागात आहे. तुमचं हॉटेल बहुधा तिथेच असेल. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९च्या आराखड्यातून हा भाग उभा राहिला. सगळं पटावरच्या घरांसारखं आखीव, प्रत्येक ठोकळा सुमारे ११३ मीटरचा, कोपरे तिरपे कापलेले. यातले बहुतेक रस्ते एकदिशा आहेत. एक डोंगराकडे चढतो, तर शेजारचा समुद्राकडे उतरतो. तुमचं हॉटेल डाव्या हाताला समोर दिसत असतं आणि गाडी मात्र उजवीकडे वळते. पाहुण्याला वाटतं, झालं, सुरू केलं यानं. प्रत्यक्षात त्याला तीन वळणं घेतल्याशिवाय त्या दारात पोचताच येत नाही. यावर उपाय सोपा आहे. पत्ता सांगताना घरक्रमांकासोबत दोन रस्त्यांचा छेद सांगा, उदाहरणार्थ ‘मायोर्का आणि पासेच दे ग्रासिया’. तिथले लोक असंच सांगतात. आणि गाडी समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर थांबली तर तिथेच उतरा, पन्नास पावलांसाठी अख्ख्या ठोकळ्याला प्रदक्षिणा घालायला लावू नका. ते कापलेले कोपरे गाडी थांबवायला फार सोयीचे आहेत, आई-बाबांना दार उघडून शांतपणे उतरता येतं.

पत्ता तोंडी सांगू नका, फोनवर लिहिलेला दाखवा. हॉटेलच्या नावापेक्षा रस्ता, क्रमांक आणि ०८पासून सुरू होणारा पाच आकडी पोस्टकोड महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या साखळीची चार-पाच हॉटेलं शहरात असतात. भाषेची काळजीही थोडी कमी करते. बार्सिलोनात पाकिस्तानी वंशाचे टॅक्सीचालक बरेच आहेत, आणि तुम्हाला आपसात बोलताना ऐकून त्यातला एखादा आरशात बघत हिंदीत विचारतो, ‘कहाँ से आए हैं?’ माझ्या गटांतल्या आजी-आजोबांच्या तर अशा चालकांशी शहरभर गप्पा झाल्या आहेत.

टॅक्सीचा खरा उपयोग होतो तो पार्क ग्वेल या चढावरच्या बागेला जाताना. नकाशावर ते लेसेप्स मेट्रो स्टेशनजवळ दिसतं. नकाशात चढ दिसत नाही. स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालायचं, आणि शेवटचा टप्पा असा खडा की आत पोचेपर्यंत वडीलधाऱ्या माणसांचा अर्धा दिवस संपलेला असतो. पासेच दे ग्रासियापासून टॅक्सीनं साधारण दहा-बारा युरोंत तुम्ही वर पोचता. पण कोणत्या दाराशी, हे चालकाला सांगा. खाली ओलोत रस्त्यावरचं दार सगळ्यांना माहीत असतं, प्रसिद्ध सरड्याच्या पायऱ्या तिथेच आहेत. तिथून आत गेलात तर पायऱ्या चढाव्या लागतात. त्याऐवजी ‘कारेतेरा देल कारमेल’ असं सांगा. ते वरच्या अंगाचं दार आहे, टॅक्सीथांबाही तिथेच आहे, आणि तिथून नागमोडी बाकांच्या मोठ्या गच्चीवर फारसं न चढता जाता येतं. मग सरडा पाहायला पायऱ्या उतरायच्या. चढण्यापेक्षा उतरणं बरं, आणि ज्यांचे गुडघे उतरण्यालाही कुरकुरतात त्यांनी गच्चीवरच बसून राहावं, शहर आणि समुद्र तिथूनच सर्वांत चांगला दिसतो. प्रवेशाची तिकिटं वेळेची असतात आणि आधी काढावी लागतात, त्यामुळे टॅक्सीनं जाण्यात वेळेची खात्री हाही फायदा आहे.

मोंजुईक टेकडीलाही टॅक्सीच बरी, पण फक्त जाताना. वर किल्ल्यापर्यंत टॅक्सी सहज नेते, परत येताना मात्र वर रिकामी गाडी मिळायला वेळ लागतो. उतरायला केबल कार किंवा बस धरा. तिबिदाबो या डोंगरावर संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणार असाल तर परतीची गाडी अ‍ॅपवरून बोलवायची तयारी ठेवा.

गॉथिक या जुन्या शहराच्या भागात टॅक्सी दारापर्यंत जाणार नाही. त्या गल्ल्या चालणाऱ्यांसाठी आहेत, तोंडाशी जमिनीतून वर येणारे खांब असतात. व्हिया लायेताना या मोठ्या रस्त्यावर उतरून कॅथेड्रलकडे चालत जायचं, अंतर थोडंसंच आहे आणि सपाट आहे.

आता कुठे टॅक्सी घेऊ नये ते. साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चहून पासेच दे ग्रासियाला जांभळ्या एल२ मार्गानं तीन स्टेशनं. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास दियागोनाल रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की मेट्रोच्या पुढे टॅक्सीचं काही चालत नाही. फुटबॉलचा सामना सुटल्यावर मैदानाबाहेर टॅक्सी शोधणं व्यर्थ आहे, दहा-पंधरा मिनिटं चालत दूर जा, मग मिळते. पण मेट्रोतही एक खबरदारी घ्या. पासेच दे ग्रासिया स्टेशनात एल३ आणि एल४ यांना जोडणारा भुयारी रस्ता फार लांब आहे. आई-बाबांबरोबर तिथे गाडी बदलायचं टाळा. अशी अदलाबदल करावी लागणार असेल तर ती फेरी टॅक्सीच्या खात्यात टाका.

मेट्रोसाठी तुमच्यासारख्यांना टी-फामिलियार हे कार्ड योग्य. ८ फेऱ्यांचं, अनेकांनी मिळून वापरता येणारं, पहिल्या वापरापासून ३० दिवस चालणारं. प्रत्येक माणसागणिक एकदा लावायचं. टी-कासुआल १० फेऱ्यांचं असतं पण एकाच माणसाचं, ते पाच जणांत फिरवता येत नाही, आणि तपासनीस आला की दंड होतो. ही दोन्ही कार्डं विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाहीत.

पाच जणांच्या अडचणीवर मी गटातल्या कुटुंबांना एक तोडगा सांगते. शहरातल्या छोट्या अंतरासाठी मोठ्या टॅक्सीची वाट पाहत बसू नका. आई, बाबा, लेक आणि तुमच्यापैकी एक जण टॅक्सीत, उरलेला एक मेट्रोनं. दोघं साधारण एकाच वेळी पोचता. लेकीला मागच्या आसनावर बसवा. उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर टॅक्सीत पुढे बसायला परवानगी नाही. शहरातल्या टॅक्सीत बालआसनाची सक्ती नाही, पण पट्टा सर्वांनी लावायचा, मागे बसलेल्यांनीही. आपल्याकडे मागचा पट्टा गादीखाली गडप झालेला असतो, तिथे चालक मागे वळून पाहतो आणि सगळ्यांनी लावल्यावरच निघतो. व्हीलचेअर लागणार असेल तर ती थेट आत चढवता येईल अशा टॅक्सी आहेत, भाडं तेच, फक्त आधी सांगून ठेवावी लागते.

अ‍ॅपबद्दल. तुम्ही उबर उघडाल, कॅबिफाय उघडाल किंवा फ्रीनाऊ, समोर बऱ्याचदा तीच काळी-पिवळी टॅक्सी येऊन उभी राहील. यामागे इतिहास आहे. उबर ही नुसती मध्यस्थ कंपनी नसून वाहतूक सेवाच आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयानं डिसेंबर २०१७मध्ये दिला, तो बार्सिलोनातल्याच टॅक्सीचालकांच्या एका संघटनेच्या दाव्यावर. २०१८च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा जानेवारी २०१९मध्ये चालकांनी ग्रान व्हिया हा मुख्य रस्ता गाड्या उभ्या करून अडवून धरला. त्यानंतर कातालोनियाच्या सरकारनं अ‍ॅपवरून चालकासह मिळणाऱ्या खासगी गाड्यांना किमान १५ मिनिटं आधी नोंदणीची अट घातली. मला या चालकांबद्दल आदर वाटतो. परवान्यासाठी आयुष्याची पुंजी घातलेली माणसं आहेत ती, आणि त्यांच्या हट्टामुळेच या शहरात अजून कुठेही हात केला की ठरलेल्या दरात टॅक्सी थांबते. पाहुण्याच्या दृष्टीनं फरक इतकाच की, टॅक्सीला बस-टॅक्सीची राखीव मार्गिका वापरता येते, खासगी गाडीला येत नाही. गर्दीच्या वेळी हा फरक मोठा आहे. अ‍ॅपनं बोलावलेल्या टॅक्सीला किमान भाडं असतं, म्हणून जवळच जायचं असेल तर रस्त्यावर हात करा. पहाटेचं विमान, टेकडीवरून परतणं, मोठी गाडी हवी असणं, यासाठी अ‍ॅप ठेवा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी संपाची बातमी नाही ना, एवढं पाहून घ्या.

पैसे कार्डानं द्या. प्रत्येक टॅक्सीत कार्ड घेणं बंधनकारक आहे, यंत्र बिघडलं असेल तर चालकानं निघण्याआधी सांगायला हवं. यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असं आलं तर युरो निवडा, रुपये निवडलेत तर विनिमयदरात नुकसान होतं. रोख द्यायची तर वीसची नोट चालते, पन्नासच्या किंवा शंभरच्या नोटेला सुटे मिळतीलच असं नाही. बक्षिसीची अपेक्षा नसते. चालकानं बॅगा उचलून दिल्या, आईला हात देऊन उतरवलं, तर वरची चिल्लर राहू द्यावी, तेवढं पुरे. प्रत्येक वेळी छापील पावती मागा: ‘रेसिबो, पोर फावोर’. तिच्यावर परवाना क्रमांक असतो. फोन किंवा पासपोर्ट गाडीत राहिला तर त्या आकड्याशिवाय शोध घेणं अवघड आहे, आणि तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. चोरी गाडीत बसल्यावर होत नाही, ती होते बॅगा डिकीत चढवताना. सान्त्स स्टेशनसमोर आणि हॉटेलांच्या दारात कुणी काही विचारायला येतं आणि दुसरा हँडबॅग उचलतो. सामान चढवेपर्यंत एकानं फक्त हातातल्या पिशव्या सांभाळायच्या, दुसरं काही करायचं नाही. हे काम बाबांना द्या.

माद्रिदहून विमान बदलून येणार असाल आणि तिथे एखादी रात्र काढायची असेल, तर तिथलं गणित वेगळं. गाड्या पांढऱ्या, दारावर लाल तिरपा पट्टा. बाराखास विमानतळ ते एम-३० या वर्तुळमार्गाच्या आतलं कुठलंही ठिकाण, दिवसरात्र एकच भाडं. बरीच वर्षं ते ३० युरो होतं, २०२४ पासून ३३ झालं. वर काही देणं नाही.

राहिला क्रूझचा दिवस. मोल अदोसात हा धक्का समुद्रात लांबवर गेलेला आहे, उघडझाप होणाऱ्या पुलावरून पलीकडे जावं लागतं, आणि सामान घेऊन चालत जाण्याचा विचारही करू नका. एशाम्प्लेहून मीटरनं पंधरा-वीस युरो होतील, त्यात धक्क्याचा साडेचारच्या आसपासचा जादा आकार आला. चालकाला टर्मिनलचं अक्षर सांगा, ते बोर्डिंगच्या कागदावर असतं. अक्षर सापडलं नाही तर जहाजाचं नाव सांगा, कोणतं जहाज आज कुठे लागलंय हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. काही जहाजं कोलंबसाच्या पुतळ्याजवळच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या धक्क्यावर लागत आली आहेत, तो अगदी वेगळ्या बाजूला आहे. म्हणून नुसतं ‘पोर्ट’ म्हणू नका.

परत येऊन तिथूनच विमानतळ गाठायचा असेल, तर मोल अदोसात ते विमानतळ यासाठी टी-३ हा ठरलेला दर आहे, ४० ते ४५ युरोंच्या दरम्यान, सगळे जादा आकार धरून. त्या फेरीत मीटर पाहत बसायचं कारण नाही, फक्त निघताना ‘तारिफा त्रेस’ एवढं म्हणा. मोठं जहाज लागलं की सकाळी ८ ते १० या वेळात टॅक्सीची रांग लांबच लांब असते. ती भराभर सरकते, पण उन्हात उभं राहावं लागतं. विमान दुपारी दोननंतरचं असेल तर जहाजावरून उतरण्यासाठी उशिराची वेळ मागून घ्या आणि आई-बाबांना जहाजावरच नाश्ता करू द्या. विमान सकाळचं असेल तर मात्र आपल्या बॅगा आपणच ओढत पहिल्या तुकडीत उतरा, तुमच्यातल्या एकानं पुढे जाऊन रांग धरावी आणि मोठ्या गाडीसाठी पाच बोटं दाखवावीत.